घरी बसायचं, नोटा दाबायचा, की दगडापेक्षा वीट मऊ?

ज्याच्या विरोधात मत दिलं, तोच पुढे सत्तेत जाऊन बसला. पक्ष फुटले, चिन्हं इकडून तिकडे गेली. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या मतदाराने हे सगळं पाहिलंय. "आता मतदानाला कशाला जायचं?" असं तुम्ही विचारत असाल, तर तुमचा राग रास्त आहे. प्रश्न एवढाच, की तो कुठे नोंदवला तर पोहोचेल?

घरी बसणं मला सर्वांत कमजोर वाटतं. न आलेल्यांत सुट्टीला गावी गेलेला असतो, यादीत नाव न सापडलेला असतो, मरून गेलेलाही असतो. तुमचा निषेध त्यांच्यात मिसळतो आणि कुणाला वेगळा दिसत नाही. रस्त्यासाठी किंवा पाण्यासाठी अख्ख्या गावाने आधी जाहीर करून टाकलेला बहिष्कार वेगळा. त्यामागे मागणी असते, तहसीलदार समजूत काढायला येतात.

नोटाची, म्हणजे मतदान यंत्रावरच्या 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायाची, निदान मोजणी होते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे हे बटण आलं. त्याआधी '४९-ओ' नियमाखाली मतदान अधिकाऱ्याला सांगून नकार नोंदवावा लागे, म्हणजे गुप्तता संपली. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये नोटाला २७ हजारांहून जास्त मतं पडली, चक्क दुसरा क्रमांक. २०२४ मध्ये इंदूरला काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यावर २ लाख १८ हजारांवर लोकांनी नोटा दाबला. तरी दोन्हीकडे निकालाला धक्का लागला नाही. विधानसभा-लोकसभेत नोटा पहिला आला तरी त्याच्या खालोखाल मतं घेणारा उमेदवारच निवडून येतो. अनामत वाचवायला लागणाऱ्या एक षष्ठांश वैध मतांच्या हिशेबातही नोटा धरत नाहीत.

महापालिका, नगरपालिकेत मात्र चित्र वेगळं आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला, की तिथे नोटाला सर्वाधिक मतं पडली तर कुणालाच विजयी घोषित न करता फेरनिवडणूक घ्यायची. प्रभागात मतदार कमी, शेजारपाजार ओळखीचा. तिथे नोटा खरोखर टोचू शकतो.

आता तिसरा मार्ग, दगडापेक्षा वीट मऊ म्हणून कमी वाईट उमेदवाराला मत देणं. २०२४ ला मुंबई वायव्य लोकसभेचा निकाल ४८ मतांनी लागला. नोटाला तिथे १५ हजारांहून जास्त मतं होती. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्य १६२ मतांनी, साकोली २०८ मतांनी. अशा मतदारसंघात दोघांपैकी एक तुम्हाला थोडा जरी जास्त घातक वाटत असेल, तर मी नोटा दाबणार नाही, दुसऱ्याला मत देईन. त्याला मत दिलं म्हणजे त्याचं सगळं पटलं असं होत नाही. उद्या त्याच्याच दारात जाब विचारायला मोकळे आहात.

लढत एकतर्फीच असेल, तर प्रामाणिक वाटणारा अपक्ष शोधा. तोही नसेल, तर नोटा. आणि यादीत नाव आहे का, हे आजच बघून घ्या.