सीटबेल्टच्या पट्टीवरचे साल

२०२५च्या जानेवारीत, गड्डा यात्रा संपून आठवडाही झाला नव्हता तेव्हा, मी त्रेचाळीस लाख पन्नास हजार रुपये देऊन एक वापरलेली आलिशान एसयूव्ही विकत घेतली आणि त्या व्यवहारात फसवला गेलो. गाडीच्या कंपनीचे नाव येथे लिहीत नाही, कारण कंपनीने मला फसवलेले नाही. ज्यांनी फसवले त्यांचा निवाडा अजून व्हायचा आहे, म्हणून त्यांचीही नावे लिहीत नाही. काय घडले, कसे घडले आणि कोणत्या क्षणी ते थांबवता आले असते, एवढेच सांगतो, कारण सोलापुरात माझ्यासारखेच दोघे-तिघे सध्या अशा गाड्यांच्या शोधात आहेत हे मला ठाऊक आहे.

अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. सुताची गाडी आली की वडील कोणतेही एक पोते फोडून त्यातला एक कोन, म्हणजे सुताचे शंकूसारखे रीळ, उचलत, त्याची लच्छी काढून काट्यावर टाकत आणि काउंट, म्हणजे सुताची जाडी, बघत. व्यापारी वीस वर्षांच्या ओळखीचा असला तरी हा नेम चुकत नसे. मीही तो आजवर पाळत आलो आहे. गाडी घेताना मात्र पाळला नाही, आणि याचे मला पैसे गेल्यापेक्षाही अधिक वाईट वाटते.

मला हवी होती ती गाडी चार लिटरचे, आठ सिलिंडरचे, दोन टर्बो असलेले पेट्रोल इंजिन असणारी होती. नवी घ्यायची तर दीड कोटीच्या वर जाणार, ते शक्यच नव्हते. सात वर्षांची जुनी मात्र साठ लाखांच्या आसपास मिळते, असे चौकशीत कळले होते. महिन्यातून तीन-चार वेळा पुण्याला जाणे-येणे होते, मागे आई बसलेली असते, तेव्हा दणकट आणि सुरक्षित गाडी असावी, असे कारण मी घरात सांगितले होते. ते खोटे नव्हते, पण पुरे खरेही नव्हते. ते इंजिन मला हवे होते. येथे एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे, कारण अनेकांच्या हिशेबात ती येत नाही: जुनी झाल्यावर गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. दीड कोटीची गाडी पंचेचाळीस लाखांत घेतली तरी तिचे ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन दीड कोटीच्याच गाडीचे राहतात.

मेहुण्यांच्या ओळखीतला एक दलाल आला. पुण्यातल्या एका व्यापाऱ्याकडे दिल्ली नोंदणीची २०१८ सालची गाडी आहे, अडतीस हजार किलोमीटर चालली आहे आणि सेहेचाळीस लाखांत मिळेल, असे त्याने सांगितले. इतकी स्वस्त का, असे विचारल्यावर उत्तर तयार होते. “मालक, दिल्लीत दहा वर्षांनी गाडी बंद करतात, म्हणून तिकडचे लोक आधीच काढून टाकतात.” हे ऐकून मी मान डोलावली. वास्तविक दिल्ली परिसरातली दहा वर्षांची मर्यादा तेव्हा डिझेल गाड्यांना होती, पेट्रोलला ती पंधरा वर्षांची होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम ठेवलेल्या आदेशातही हाच भेद होता. सात वर्षांच्या पेट्रोल गाडीच्या मालकाला घाई करण्याचे काहीच कारण नव्हते. हे मी वर्तमानपत्रात अनेकदा वाचले होते, तरी त्या वेळी आठवले नाही, कारण स्वस्ताईचे काहीतरी कारण मिळावे अशीच माझी इच्छा होती.

पुण्याला पोहोचलो तेव्हा गाडी दुकानाच्या दारात सुरू करून ठेवली होती. “तुमच्यासाठी एसी लावून ठेवलाय,” असे व्यापारी म्हणाला आणि मला तो पाहुणचार वाटला. त्या पाहुणचाराचा खरा अर्थ दोन महिन्यांनी कळला. या गाडीला पोलादी स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारे सस्पेन्शन असते, आणि त्यातून हवा गळत असेल तर रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. इंजिन सुरू झाले की कॉम्प्रेसर हवा भरतो आणि मिनिटभरात ती उभी राहते. थंड इंजिन सुरू होतानाची खडखड आणि सायलेन्सरमधून निघणारा निळसर धूर हेदेखील गरम इंजिनात लपून जाते. मी आदल्या रात्री फोन करून ‘गाडीला हात लावू नका, मी येऊन सुरू करतो’ एवढे सांगितले असते आणि आल्यावर बॉनेटवर तळहात ठेवून पाहिला असता, तरी पुष्कळ उलगडा तेथेच झाला असता.

त्यानंतर व्यापाऱ्याने मला बाह्यवळणावर नेले आणि ॲक्सिलरेटर दाबायला सांगितले. पाठ सीटला चिकटली आणि पुढचे काही तपासण्याची माझी इच्छाच उरली नाही.

परत येऊन कागद पाहिले, पण ते पाहणे नावापुरतेच होते. आरसीवर दुसरा मालक नोंदलेला होता, त्यावर “पहिली कंपनी, दुसरा तिचाच संचालक, घरातल्या घरातच आहे,” असे सांगण्यात आले. विमा फक्त तृतीय पक्षाचा होता. पन्नास लाखांच्या गाडीचा मालक स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा का उतरवत नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. खंड पडलेला संपूर्ण विमा पुन्हा सुरू करताना विमा कंपनी गाडीची तपासणी करते, आणि ती तपासणी होऊ नये म्हणूनच तसे ठेवले होते, असे आज मला वाटते. पैशांच्या वेळीही असेच झाले. रक्कम तीन निरनिराळ्या खात्यांवर आरटीजीएस करायला सांगितले, आणि त्यांतले एकही खाते आरसीवरच्या मालकाचे नव्हते. दहा लाखांवरच्या वाहनाच्या विक्रीवर असे व्यापारी एक टक्का कर ग्राहकाकडून गोळा करून सरकारात भरतात. याने तो मागितलाच नाही आणि मला ती सवलत वाटली. बिल मागितले तर “आम्ही फक्त मध्यस्थ” असे सांगून एक डिलिव्हरी नोट दिली, ज्यात अगदी खाली बारीक अक्षरांत गाडी ‘जशी आहे तशी’ स्वीकारल्याचे लिहिले होते. दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी मुंबईहून येणार असल्याचा फोन त्याच वेळी आला. मी सही केली.

मार्चमध्ये एका सकाळी गाडीची मागची डावी बाजू चाकावर टेकलेली दिसली. मी विजापूर रस्त्यावरच्या आमच्या जुन्या मिस्त्रींना बोलावले. लहानपणापासून मी त्यांना चाचा म्हणतो. अशा गाडीचे काम आपण करत नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केले, पण पाहायला ते आले. त्यांनी इंजिनाकडे पाहिलेही नाही. ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा त्यांनी शेवटपर्यंत, अगदी ताणून बाहेर ओढला, आणि एरवी आत गुंडाळलेल्या टोकाशी शिवलेली एक लहानशी पांढरी पट्टी मला दाखवली.

“मालक, गाडी कोणत्या सालची म्हणालात?”

“२०१८.”

“मग हा पट्टा २०२२चा कसा काय?”

मला उत्तर सुचले नाही. चाचांनी समजावून सांगितले की जोराची टक्कर झाली की पट्टा आवळणारी यंत्रणा आतल्या आत फुटते, ती एकदाच चालते आणि मग पट्टा सबंध बदलावाच लागतो. पट्टा कोणी हौसेने बदलत नाही. मग त्यांनी बॉनेट उघडले आणि बिजागराच्या बोल्टांवरचा खरवडलेला रंग दाखवला. डाव्या बाजूला पत्र्याच्या सांध्यावर भरलेल्या सीलंटवरून त्यांनी माझे बोट फिरवले. कारखान्यात यंत्राने सोडलेला सीलंट एकसारख्या रेघेत असतो. येथे कोणीतरी बोटाने लिंपल्यासारख्या लाटा हाताला लागत होत्या. हे सर्व पाहायला त्यांना वीस मिनिटे लागली, आणि मी त्यांना गाडी घेण्याआधी एकदाही विचारले नव्हते.

या कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र सोलापुरात नाही, म्हणून गाडी ट्रकवर घालून अडीचशे किलोमीटर दूर पुण्याला न्यावी लागली. तेथल्या सल्लागाराने सतरा अंक-अक्षरांचा चेसिस क्रमांक संगणकात घातला आणि काही न बोलता पडदा माझ्याकडे वळवला. शेवटची नोंदलेली सर्व्हिस २०२१ची होती आणि तेव्हाच गाडी एक लाख नऊ हजार किलोमीटर चालली होती. मीटर मागे फिरवणारे समोरचा आकडा बदलतात, परंतु अशा गाडीत किलोमीटरची नोंद केवळ मीटरमध्ये नसते. गिअरबॉक्सच्या नियंत्रकात एक लाख चौदा हजारांचा आकडा तसाच राहिला होता, आणि तो मला छापील अहवालात मिळाला.

त्याच अहवालात आणखी एक ओळ होती. डाव्या बाजूच्या प्रवाशापुढच्या डॅशबोर्डात एअरबॅग नव्हतीच. तिच्या जागी वायरिंगला एक लहानसा रेझिस्टर जोडला होता, ज्यामुळे संगणकाला सर्व ठीक असल्याचे भासावे आणि धोक्याचा दिवा लागू नये. फेब्रुवारीत पौर्णिमेला आई पुढे बसायचा हट्ट धरून त्याच सीटवर बसून तुळजापूरला जाऊन आली होती. त्या दिवशी सेवा केंद्राच्या बाकावर मी किती वेळ बसून होतो, ते मला सांगता येणार नाही. दुरुस्तीचा अंदाज एकोणीस लाखांचा निघाला, पण तो आकडा मी नीट वाचला तो दुसऱ्या दिवशी.

हा धंदा कसा चालतो, हे नंतर वकिलांकडून आणि विम्याच्या कामातल्या एका परिचितांकडून समजले. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त होत असेल तर विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीची धरते आणि मालकाला पैसे देऊन मोकळी होते. उरलेला सांगाडा लिलावात जातो. आरसी रद्द करून घेतली नाही, तर तो सांगाडा घेणाऱ्याच्या हातात भंगाराच्या भावात एका महागड्या गाडीचे जिवंत कागद येतात. मग जुने भाग, पुट्टी आणि रंग यांच्या आधारे ती पुन्हा उभी राहते आणि दुसऱ्या राज्यात विकली जाते, जेथे तिचा अपघात कोणी पाहिलेला नसतो.

ज्यांना अशी गाडी घ्यायचीच आहे, त्यांना मी घेऊ नका म्हणणार नाही. पण आरसीवरच्या मालकाशी स्वतः बोलल्याशिवाय आणि त्याच्या संमतीने अधिकृत सेवा केंद्रातून चेसिस क्रमांकावरची सर्व्हिसची नोंद काढल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. मालक भेटत नाही असे व्यापारी सांगू लागला तर तेथूनच परत या. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घेणे आणि गाडी ताब्यात आल्याची माहिती मालकासह नमुना २९सी मध्ये देणे नियमात आले आहे, तेव्हा ते अधिकारपत्र दाखवायला सांगण्यात संकोचाचे कारण नाही. मी मागितले असते तर ते त्याच्याकडे नाही, हे तेथेच कळले असते. रंगाची जाडी मोजणारे यंत्र बरोबर नेणारा माणूस शोधा. कारखान्याचा रंग साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरतो आणि पुट्टीच्या जागी आकडा कित्येक शेंवर जातो. गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावल्यावर ‘एकही दोष नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका. गाडीच्या स्वतःच्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसत असतील तर दोष नुकतेच पुसले आहेत असा संशय घ्यावा, कारण त्या चाचण्या पुन्हा पूर्ण व्हायला गाडी बऱ्यापैकी चालवावी लागते. परराज्यातली गाडी असेल तर नमुना २८ मधले ना हरकत प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. माझी गाडी आजही माझ्या नावावर नाही, आणि दुसरा मालक म्हणून ज्याचे नाव आहे तो दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.

पोलिसांत फसवणुकीचा अर्ज दिला आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू होते, असे वकील सांगतात. किंमत पन्नास लाखांच्या आत असल्यामुळे ग्राहक तक्रार जिल्हा आयोगात चालते, आणि २०१९च्या कायद्यानुसार ती ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, म्हणून मला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. गाडी कारखान्याच्या नावावर घेतली असती तर व्यावसायिक हेतूचा आक्षेप आला असता. सर्व रक्कम बँकेतून गेली, रोख एक रुपयाही दिला नाही, एवढी एकच गोष्ट मी नीट केली होती आणि आज तीच उपयोगी पडते आहे.

दिवाळीच्या आधी तो दलाल कारखान्यात आला होता. चहा घेऊन झाल्यावर तो म्हणाला, “मालक, केस किती वर्षं चालवणार? हैदराबादचं एक गिऱ्हाईक आहे. अठ्ठावीस लाख तरी मोकळे होतील तुमचे. फक्त तो पुण्याचा रिपोर्ट कुणाला दाखवू नका.” आमच्या लेखापालांच्या मते अठ्ठावीस लाख ही लहान रक्कम नव्हती, आणि कारखान्याला त्या महिन्यात तिची गरजही होती. मी त्याला नाही म्हणून सांगितले. तो गेल्यावर सेवा केंद्राच्या अहवालाची एक प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आणि दुसरी ड्रायव्हरच्या पट्ट्याच्या त्या पांढऱ्या पट्टीजवळ दोऱ्याने टाके घालून शिवून टाकली. शिवण आमच्याच कारखान्यातल्या कारागिराने घातली आहे. ती उसवल्याशिवाय निघणार नाही.