आयएसआय शिक्क्याचे एलव्हीएल बीम घेताय? माझे १,३१,४०० गेले, निदान तुमचे तरी वाचू देत

खोटा शिक्का म्हटलं की सगळ्यांना वाटतं नंबर खोटा असणार. माझ्या बीमवरचा नंबर खरा होता, गोची तिथंच झाली.

पोटमाळ्यासाठी सोळा फुटी एलव्हीएलचे (लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेले) १८ बीम घेतले, नगाला ७,३००. अ‍ॅडव्हान्स ७०,०००, उरलेले ६१,४०० गाडी दारात उभी असताना, माल उतरवायच्या आधी रोख (तेव्हाच का मागतात ते तुम्हाला सांगायला नको). प्रत्येक नगावर आयएस १४६१६ (एलव्हीएलचं भारतीय मानक), खाली सीएम/एल नंबर, म्हणजे बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) लायसन्स नंबर. मी काय अडाणी नाही, तिथल्या तिथं बीआयएस केअर अ‍ॅपवर नंबर टाकला. लायसन्स चालू, कंपनीचं नाव बरोबर. आणि त्याच स्क्रीनवर आयएस ३०३ लिहिलेलं! म्हणजे साधा, फर्निचरचा प्लायवूड. मला ते दिसलं, अगदी दिसलं, आणि मी विचारलंसुद्धा. विक्रेता म्हणे, "साहेब, एका फॅक्टरीचा सगळा माल एकाच लायसन्सवर असतो." साफ खोटं, प्रत्येक आयएसला वेगळं लायसन्स लागतं. पण ते आत्ता कळतंय, तेव्हा आर्किटेक्ट शेजारी उभा होता, तोही मान डोलावत होता, मग मी एकट्यानं काय शहाणपणा करायचा?

वर टेस्ट रिपोर्ट दिला, बेंडिंगचे आकडे झकास. रिपोर्टही खराच! फक्त तळाला बारीक अक्षरात की निकाल पार्टीने दिलेल्या नमुन्यापुरता. नमुना म्हणजे चांगल्या मालाचा, जोड नसलेला छोटा तुकडा. सोळा फुटी बीमची ताकद त्यावरून काय कळणार, कप्पाळ?

सामान चढवलं तसा तीन बीमना झोल आला, एक बरोबर मधोमध तडकला. कडांना लाल पेंट होता, मिस्त्रीने पटाशीने खरवडला तर आत एक थर उभा, एक आडवा. एलव्हीएलमध्ये सगळे थर लांबीच्याच दिशेने असतात हो, म्हणून तर बीमला ते चालतं, आणि थरांचे जोड एकाखाली एक न येता मागेपुढे सरकवलेले असतात. इथं आठ फुटी प्लायच्या पट्ट्या टोकाला टोक लावून चिकटवलेल्या, जोड नेमका मध्यावर, म्हणजे दोन टोकांवर टेकलेल्या बीमला जिथं सगळ्यात जास्त ताण येतो तिथंच. एक तुकडा उकळून पाहिला तर थर पत्त्यांसारखे सुटले. डिंक पण हलका.

कडेला पेंट मारलेला बीम घेऊच नका, आधी कापून दाखव म्हणा. नाही म्हणाला तर गाडी परत.

पोलीस ठाण्यात साहेब म्हणतात, "माल मिळाला ना? मग फसवणूक कुठंय, हे सिव्हिल मॅटर." अहो, दगड पाठवला असता तरी मालच मिळाला असता! एका सरकारी कचेरीत गेलो तर फॅक्टरी आमच्या हद्दीत नाही, हद्दवाल्यांकडे गेलो तर विक्रेता त्यांच्या हद्दीत नाही, मग तडकलेला बीम कुणाच्या हद्दीत येतो तेवढं तरी सांगा! अर्ज द्या, फोटो जोडा, फोटो चालत नाही नमुना आणा, नमुना नेला तर तुम्ही आणलेला नमुना आम्ही कसा धरायचा. आणि कायदा बघा, लायसन्स नसताना शिक्का मारला तर २०१६ च्या बीआयएस कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा कमीत कमी दोन लाख दंड. लावणार कोण? तो माणूस अजून तोच माल विकतोय.

रिपोर्टवर एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणारी संस्था) यूएलआर नंबर, म्हणजे त्या रिपोर्टचा स्वतःचा नंबर, असेल तर लॅबला फोन करून विचारा नमुना कुणी आणि कसला दिला होता. उरलेले पैसे बीम कापून बघितल्याशिवाय देऊ नका, रोख तर नाहीच.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी विचारायचं असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. वकिलाने पहिल्यांदा बिल मागितलं. बिलावर काय लिहिलंय माहितीये? "लाकडी पट्ट्या, १८ नग". ना एलव्हीएल, ना आयएस नंबर, ना ग्रेड. त्याच्याकडून ज्यांनी माल घेतलाय त्यांनी आजच बिल काढून तेवढी ओळ वाचा, आणि शिक्का असलेला तुकडा फेकू नका.