इलेक्ट्रिक टॉयलेट उत्तम, पण बोटीची वायरिंग आधी तपासा

हातपंपाचं टॉयलेट काढून बोटीवर १२ व्होल्टचं मॅसरेटर (मैला दळणारं) टॉयलेट बसवलं, त्याला आता बरेच महिने झाले. बटण दाबलं की सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडून पाणी येतं, पाती मैला बारीक करतात आणि पंप तो होल्डिंग टँकमध्ये (मैला साठवायच्या टाकीत) ढकलतो. पाहुण्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. भांडं, सीट, बिजागऱ्या अजून नव्यासारख्या आहेत. जो काही त्रास झाला तो विजेचा, म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहितो.

सुरुवातीला खणखणीत फिरणारी मोटर हळूहळू रेंगाळू लागली. मग एका संध्याकाळी बटण दाबल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज आला. रिले (मोटरला वीज जोडणारा विजेवर चालणारा स्विच) ओढत होता, मोटर हलत नव्हती. विक्रेत्याने फोनवरच निदान केलं, ‘मोटर गेली, नवीन पंप घ्या.’ मला ते पटलं नाही. मोटर अडकली किंवा आतून शॉर्ट झाली असती तर करंट वाढून फ्यूज उडाला असता. फ्यूज शाबूत होता आणि जळका वासही नव्हता. म्हणजे मोटरपर्यंत पुरेशी वीजच पोचत नसावी.

इथे मल्टिमीटर फसवू शकतो. बटण न दाबता पंपाच्या रिलेला येणाऱ्या वायरवर मोजलं तर बॅटरीइतकेच १२.६ व्होल्ट दिसले. करंट वाहत नसेल तर खराब जोडही निर्दोष दिसतो. म्हणून मोजायचं ते कुणालातरी बटण दाबून धरायला सांगूनच. तसं मोजल्यावर बॅटरीवर १२.३ आणि पंपावर फक्त ८.९! मग मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी पंपाच्या पॉझिटिव्हवर ठेवली, तर घट ०.४ व्होल्ट. तेच निगेटिव्हच्या बाजूने केलं तर पूर्ण ३ व्होल्ट. मोटर बिघडली की सगळे पॉझिटिव्ह वायर धुंडाळतात, पण करंट परतही यावा लागतो आणि परतीचा जोड बहुधा बिल्जजवळच्या (बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या भागाजवळच्या) दमट जागेत असतो. आमचाही तिथेच होता. लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) उघडला तर हिरवा चुरा पडला. इन्सुलेशन सोललं तर आतली तांब्याची तार वीतभर काळी पडली होती. कलई नसलेली साधी वायर समुद्रावर अशीच सडते.

आकडा छोटा वाटतो म्हणून दुर्लक्ष होतं. २० अँपिअरच्या मोटरसाठी जोडात फक्त ०.१ ओहमचा रोध असला तरी २ व्होल्ट जातात आणि त्या एका जोडावर ४० वॅट उष्णता तयार होते. फायबरग्लास आणि लाकडाच्या बोटीत ही गोष्ट हलक्यात घेऊ नये. आणि फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा फ्यूज तर अजिबात टाकू नका, फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो.

दुरुस्तीत कलई केलेली वायर टाकली, लग नीट क्रिंप केले (दाबून घट्ट बसवले) आणि वर गोंदवाली हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी) नळी चढवली. वायरची लांबी जाऊन-येऊन धरायची. टॉयलेट बॅटरीपासून ६ मीटरवर असेल तर १२ मीटर. २० अँपिअरला घट ३ टक्क्यांत ठेवायची तर जवळपास १२ चौरस मिलिमीटर तांबं लागतं, म्हणजे १६ चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. बसवणाऱ्याने टाकलेली बरीच बारीक होती. उत्पादकाने वायरच्या जाडीचा तक्ता ठळकपणे पहिल्याच पानावर द्यायला हवा.

मोटर हुंहुं करते आणि फ्यूज उडतो, तर मात्र पात्यात काही अडकलंय किंवा समुद्राच्या पाण्याने फ्लश करून आत चुन्याचा थर बसलाय असं समजा. हात घालण्याआधी ब्रेकर बंद करा. काहीच आवाज नसेल तर टँक भरल्याचा सेन्सर पाहा. टँक भरला की काही मॉडेल फ्लशच होऊ देत नाहीत आणि सेन्सरवर घाण चिकटली तर रिकामा टँकही भरलेला भासतो.

वायर बदलल्यापासून मोटर पहिल्यासारखी फिरते, नवीन पंप घ्यावा लागला नाही. चालू मोटरवरचा व्होल्टेज मी अधूनमधून मोजतो. ११.८ च्या आसपास असला की ठीक, अर्धा व्होल्ट जरी उतरला तरी आधी निगेटिव्हचा जोड उघडतो. ज्यांची बोटीची वायरिंग जुनी आहे त्यांनी टॉयलेटसोबतच वायरचाही खर्च धरावा.