बल्क इम्पोर्टने कॅटलॉग भरला, ओनर मात्र आम्हालाच शोधावे लागले

बॅकस्टेजवर उभारलेलं डेव्हलपर पोर्टल (कंपनीतल्या सॉफ्टवेअरची माहिती एका जागी दाखवणारी साइट) आणि त्यातलं बल्क इम्पोर्ट, म्हणजे अनेक रेपो (कोडची भांडारं) एकदम नोंदवायची सोय, आमची टीम गेले कित्येक महिने वापरतेय. शेकडो रेपो आहेत पण कॅटलॉग (काय आहे आणि कोणाचं आहे याची यादी) जवळजवळ रिकामा, अशी ज्यांची स्थिती असेल त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

बॅकस्टेज मुळात स्पॉटिफायने स्वतःच्या टीम्ससाठी बनवलं आणि 2020 मध्ये ओपन सोर्स केलं. त्याचा कॅटलॉग रेपोतल्या एका छोट्या यामल फाइलवर (साध्या मजकुरात माहिती लिहिलेली फाइल) चालतो. कॉम्पोनंट (सर्व्हिससारखा सॉफ्टवेअरचा एक भाग) असेल तर त्यात टाइप, लाइफसायकल (तो कोणत्या टप्प्यात आहे) आणि ओनर (जबाबदार टीम) या तिन्ही गोष्टी लागतातच. एका रेपोसाठी ही फाइल लिहायला फारसा वेळ लागत नाही. पण शेकडो रेपोंसाठी कोणी हाताने लिहीत बसत नाही, आणि मग वर्षभर कॅटलॉगमध्ये त्याच चार-दोन हौशी टीम्सच्या सर्व्हिसेस दिसत राहतात.

बल्क इम्पोर्टने ही कोंडी फोडली. रेपोंची यादी समोर येते, हवे ते निवडायचे, तयार होणारी यामल आधी बघून घ्यायची, आणि मग प्रत्येक रेपोवर एक पुल रिक्वेस्ट (बदल तपासून स्वीकारण्याची विनंती) उघडते. ती मर्ज झाली, म्हणजे बदल स्वीकारला गेला, की कॉम्पोनंट कॅटलॉगमध्ये येतो. पुल रिक्वेस्ट कशाला, सरळ रजिस्टर करून टाका, असं बरेच जण सुचवतात. मला ते अजिबात पटत नाही. ती पुल रिक्वेस्ट हाच या सगळ्या प्रकारातला सगळ्यात मोलाचा भाग आहे, कारण ‘हे तुमचं आहे का?’ हा प्रश्न त्या निमित्ताने पहिल्यांदा लेखी विचारला जातो.

बिलाची पीडीएफ बनवणारी आमची एक छोटी सर्व्हिस आहे. तिच्या पुल रिक्वेस्टमध्ये ओनर म्हणून बिलिंग टीम लिहिली होती. बिलिंगवाल्यांनी उत्तर दिलं, ‘आम्ही फक्त वापरतो, कोड प्लॅटफॉर्मचा आहे.’ प्लॅटफॉर्मवाले म्हणाले, आम्ही डिप्लॉयमेंट सांभाळतो, लॉजिक आमचं नाही. कोणता कोड कोणाकडे हे सांगणाऱ्या कोडओनर्स फाइलमध्ये ज्यांचं नाव होतं ते केव्हाच कंपनी सोडून गेलेले. दोन्ही टीम लीड्स एकत्र बसले, बोलणं झालं आणि बिलिंगने सर्व्हिस स्वीकारली. ऑन-कॉलच्या (बिघाड झाला की कोणाला बोलवायचं त्या) यादीतही ती तेव्हाच आली. त्याआधी मध्यरात्री ती बंद पडली असती तर कोणाला उठवायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं! सरळ रजिस्टर केलं असतं तर पोर्टलवर ‘बिलिंग’ असं ठळक दिसलं असतं आणि सगळे निर्धास्त राहिले असते. चुकीचा ओनर हा रिकाम्या ओनरपेक्षा घातक असतो, कारण रिकामी जागा निदान डोळ्यांना खुपते.

म्हणूनच आधी ग्रुप आणि युजर कॅटलॉगमध्ये आणा, रेपो नंतर. ओनरमध्ये लिहिलेला ग्रुप कॅटलॉगमध्येच नसेल तरी कॉम्पोनंट आत येतो, फक्त त्याच्या पानावर संबंधित एंटिटी (कॅटलॉगमधली नोंद) सापडत नसल्याची सूचना झळकत राहते. ती सूचना कोणीही वाचत नाही, हे अनुभवाने सांगते.

सगळे रेपो एकदम निवडायचा मोह टाळा. कोड ठेवायच्या गिटहबवर वैयक्तिक टोकनला (प्रोग्रामला दिलेल्या प्रवेशाच्या किल्लीला) तासाला 5,000 रिक्वेस्टची मर्यादा आहे आणि तेच टोकन इतर ऑटोमेशनही वापरत असेल तर ती भराभर संपते. पण मर्यादेपेक्षा मोठं कारण माणसांचं आहे. एका सकाळी टीमच्या सगळ्या रेपोंवर अनोळखी पुल रिक्वेस्ट दिसल्या की लोक एक तर न वाचता मर्ज करतात, नाही तर तशाच पडू देतात. आम्ही एका वेळी एकच टीम घेतो, आदल्या दिवशी त्यांच्या लीडला कळवतो आणि अर्काइव्ह केलेले, फोर्क केलेले, नुसते प्रयोगाचे रेपो आधीच वगळतो.

नावांचंही बघावं लागतं. एंटिटीच्या नावाला 63 अक्षरांची मर्यादा आहे, आणि काइंड (नोंदीचा प्रकार), नेमस्पेस (नोंदींचा गट) व नाव मिळून एकमेव असावं लागतं. दोन ऑर्गनायझेशनमध्ये ‘कॉमन’ नावाचे रेपो असतील तर एकच आत येतो, दुसऱ्याची तक्रार लॉगमध्ये पडून राहते. मोनोरेपोत तर हात घालावाच लागतो. इम्पोर्टने आमच्या मोनोरेपोसाठी एकच कॉम्पोनंट सुचवला, आत सर्व्हिसेस मात्र अनेक. तिथे आम्ही तीन डॅशच्या रेषा टाकून एकाच यामलमध्ये वेगवेगळे कॉम्पोनंट लिहिले. ज्या रेपोंमध्ये फाइल आधीपासून आहे त्यांना इम्पोर्टची गरजच नाही, रेपोंमध्ये ती फाइल शोधणारी डिस्कव्हरी सुरू केलेली असेल तर ती त्यांना आपोआप उचलते.

तयार होणारी लाइफसायकल डोळे झाकून स्वीकारू नका. बंद करायला काढलेल्या सर्व्हिसवर ‘प्रॉडक्शन’ लिहिलं गेलं, तर एखादी नवी टीम भरवशाने तिच्यावर काम उभारते.

एक उणीव अजून जाणवते. कोण कोणावर अवलंबून आहे हे इम्पोर्ट भरत नाही, त्यामुळे नकाशात कॉम्पोनंट सुटे सुटे दिसतात. ते दुवे आम्ही आता हाताने भरतोय. सुरुवात ऑन-कॉलला सगळ्यात जास्त छळणाऱ्या सर्व्हिसेसपासून केलीय, आणि पीडीएफवाल्या सर्व्हिसचे दुवे बिलिंगने आपणहून भरून पाठवले.