जुन्या ट्रकला एसी बसवताना वाऱ्याच्या झडपांचं काय करायचं?

जुन्या ट्रकला एसी बसवायचा म्हटलं की सगळी चर्चा कॉम्प्रेसर कुठला घ्यायचा, कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) कुठं लावायचा आणि खर्च किती यावरच होते. काचेखालची, बाहेरचा वारा आत घेणारी झडप आठवते ती शेवटच्या दिवशी. मेस्त्री वेल्डिंगचा होल्डर हातात घेऊन विचारतो, "मालक, हे बंद करून टाकू काय ओ?" आणि घाईघाईत आपण मान हलवतो. आमच्या घरच्या गाडीला नेमकं हेच झालं, आणि ते निस्तरायला दोन पावसाळे गेले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या गाड्या जीव लावून सांभाळणारी बरीच घरं आहेत. आता 2025 पासून नव्या मोठ्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, त्यामुळं जुन्या गाडीवाल्यांच्या घरातही हा विषय निघतोच. झडपेचा निर्णय वेल्डिंगच्या आधी, शांतपणे घेता यावा म्हणून हे लिहितोय.

आमची गाडी म्हणजे वडिलांनी घेतलेली टाटा-मर्सिडीज. टेल्को (पुढं टाटा मोटर्स झालेली कंपनी) आणि मर्सिडीज बनवणाऱ्या डाइम्लर-बेंझचा करार 1954 ते 1969 असा पंधरा वर्षं होता. त्या काळातली, नाकावर तारा असलेली. तेव्हा कारखान्यातून चासी यायची आणि केबिन आपल्याकडचे बॉडीवाले सुतार-लोहार बांधायचे. त्यामुळं कुठल्या दोन गाड्यांच्या झडपा सारख्या नसतात. आमच्या गाडीला तीन: काचेखाली मधोमध एक, दांडी पुढं ढकलली की वर उचलणारी, आणि ड्रायव्हर-क्लीनरच्या पायांशी बाजूच्या पत्र्यात एकेक सरकती. शिवाय दारांना तिकोनी काचा. लँड रोव्हरसारख्या गाड्यांना काचेखाली शेजारीशेजारी दोन झडपा असतात. जुन्या अमेरिकन पिकअपना काचेसमोर वर एक आणि काहींना पायाशीही. नावं वेगळी, काम एकच.

हे काम कसं चालतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. गाडी पळताना वारा समोरच्या काचेच्या बुडाशी येऊन दाबला जातो. तिथं झडप उघडली की तो दाब वाऱ्याला आत ढकलतो, आणि मागं वळवलेली तिकोनी काच आतली गरम हवा बाहेर ओढते. हायवेला ही रचना छान चालते. पण चोर्ला घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरला चढताना, किंवा वैशाखात बेळगावच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथ घेऊन पावला-पावलानं सरकताना वारा येतच नाही. उलट बोनटच्या फटीतून इंजिनची धग त्याच झडपेनं आत येते. एसीची खरी गरज तिथंच लागते.

एसी लावला की झडपेचा अर्थ बदलतो. वीतभर रुंद झडप चार बोटं उघडी राहिली तर चालत्या गाडीत सेकंदाला 50 लिटर हवा सहज आत येते. बाहेर 38 आणि आत 25 अंश ठेवायचे असतील, तर तेवढी हवा नुसती थंड करायलाच जवळजवळ पाऊण किलोवॅट जातात. लहान किट बसवलं असेल तर ही गळती चांगलीच जाणवते. पण माझा डोळा उघडला तो उन्हाळ्याच्या नाही, पावसाळ्याच्या हिशेबानं. खानापूर-कणकुंबीकडं जुलैत बाहेर 23 अंशच असतात, पण हवा पाण्यानं भरलेली. तीच 50 लिटर हवा कूलिंग कॉइलवरून गेली, तर ती कोरडी करताना तासाला सुमारे दीड लिटर पाणी गळतं. एवढं पाणी काढायला कॉइलला उन्हाळ्यापेक्षाही जास्त कष्ट पडतात, आणि ड्रेन पाइप बारीक असला तर ते पाणी क्लीनरच्या पायावर सांडतं. म्हणजे झडप नीट बंद होणं उन्हाळ्याइतकंच पावसाळ्यातही महत्त्वाचं.

आता पर्याय. पत्रा मारून कायम वेल्ड करणं हा पहिला, आणि सर्रास होणारा. अर्ध्या दिवसाचं काम, स्वस्त, हवा शंभर टक्के बंद. आमच्याकडं गॅरेजवाल्यानं हेच केलं, वर पुट्टी मारून रंगही दिला. दिसायला झकास. पण झडपेच्या खाली पन्हाळीसारखी एक खोबण असते. पावसाचं पाणी तिच्यातून बाजूनं खाली उतरतं. नवा पत्रा त्या खोबणीवर बसला आणि पाण्याची वाट बंद झाली. पहिल्या पावसाळ्यात काही कळलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात डॅशबोर्डच्या आतून थेंब पडायला लागले, तेही बरोब्बर फ्यूजच्या पेटीवर. हेडलाइट कधी लागायचे, कधी नाही. शेवटी डेंटिंगवाल्यानं कडेला स्क्रू ड्रायव्हर टोचला तर तो बिस्किटात घुसावा तसा आत गेला. हातात आला तो पत्रा नव्हे, गंजाचा भुगा. वडिलांनी तो भुगा हातरुमालात बांधून घरी आणला होता, मला दाखवायला. पन्नास वर्षं पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचा पत्रा आम्ही दोन वर्षांत खाल्ला.

तरीही वेल्डिंग कायम चूकच, असं मी म्हणणार नाही. झडपेची चौकटच कुजली असेल, मूळ झडप हरवली असेल, किंवा गाडी आता नुसतं भाडं मारायची आहे आणि जुनेपणाशी तुमचं देणंघेणं नसेल, तर वेल्ड करा. फक्त खोबण मोकळी ठेवा, आतून गंजरोधक लावा, आणि पत्रा बसवल्यावर वरून बादलीभर पाणी ओतून ते चाकाजवळ खाली पडतंय का बघा. जिला तुम्ही हौसेनं राखताय, त्या गाडीला मात्र वेल्डिंगचा होल्डर लावू देऊ नका. एकदा कापलेली मूळ झडप परत मिळत नाही.

दुसरा मार्ग झडप तशीच ठेवून रबर नवं घालायचं. गाडीचं रूप राहतं, दांडी हलते, मिरवणुकीत झडप उघडून दाखवता येते. अडचण अशी की जुनी झडप सहसा सरळ उरलेली नसते. बिजागरीकडं घट्ट बसते आणि समोरच्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट राहते. दुकानात मिळणारं दाराचं रबर बिडिंग बहुतेक वेळा जास्त जाड पडतं. ते घातलं की झडप बंदच होत नाही, आणि जोर केला की दांडीचा पिन वाकतो. मऊ, पोकळ आणि बारीक रबर शोधा. तपासायची सोपी रीत: रात्री केबिनमध्ये टॉर्च लावून ठेवा आणि बाहेरून बघा, जिथून उजेड येतो तिथून वाराही येणार. मग कडेनं ठिकठिकाणी वहीच्या कागदाची पट्टी चिमटीत धरून झडप बंद करा आणि ओढा. पट्टी अडकली पाहिजे. चार कोपऱ्यांपैकी एकातही ती सहज सुटली तर बिजागरी आधी सरळ करून घ्या, रबराचं नंतर.

तिसरा मार्ग आम्ही अखेर निवडला: झडप बाहेरून जशीच्या तशी, आणि आतून सुटी प्लेट. दोन मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा चौकटीपेक्षा बोटभर मोठा कापायचा, कडेला बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा, काळा फोम चिकटवायचा आणि चार विंग नटांनी आवळायचा. स्पंज घेऊ नका, तो पाणी पितो आणि पत्रा पुन्हा खातो. प्लेट बसते ती खोबणीच्या आतल्या बाजूला, म्हणजे पाण्याची जुनी वाट मोकळी राहते. एसी चालतो तेव्हा प्लेट आत. एसी बिघडला, बेल्ट तुटला किंवा डिसेंबरच्या थंडीत एसीच नको झाला की पाच मिनिटांत प्लेट काढून सीटखाली. काम एका दिवसाचं, आणि गाडीला एकही नवीन भोक पाडावं लागत नाही. आम्ही चौकटीचे जुनेच स्क्रू काढून त्यांच्या जागी बोल्ट घातले. उणीव एवढीच की चालत्या गाडीत ड्रायव्हरला प्लेट काढता येत नाही.

आणि ही उणीव छोटी नाही, कारण पूर्ण बंद केबिनमध्ये माणसं श्वास घेतात. बसलेला माणूस तासाला साधारण 18 ते 20 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तीन घनमीटरच्या केबिनमध्ये तिघं बसले आणि केबिन खरंच हवाबंद असेल, तर तासाभरात त्याचं प्रमाण दोन टक्क्यांकडं जातं. त्याच्या कितीतरी आधी डोकं जड होतं, पेंग येते. जुनी केबिनं फटींनी भरलेली असतात म्हणून ही वेळ येत नाही. पण तुम्ही मन लावून एकेक फट बुजवत गेलात की येऊ शकते. दुसरी गोष्ट याहून गंभीर. झडप उघडी असते तेव्हा आत थोडा दाब राहतो आणि इंजिनचा धूर बाहेरच अडतो. झडपा बंद करून एसी आतलीच हवा फिरवायला लागला की तो दाब जातो, आणि सायलेन्सरच्या गळक्या जोडातला धूर गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून आत शिरायला मोकळा होतो. त्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं: झडपांना हात लावण्याआधी एक्झॉस्टचे सगळे जोड, गिअर आणि क्लच-ब्रेकच्या पेडलांची रबरं, आणि केबिनमधल्या बोनटची कड नवी करून घ्या. आणि गाडी उभी करून, इंजिन आणि एसी चालू ठेवून केबिनमध्ये कुणालाही झोपू देऊ नका. क्लीनर पोरगा कितीही दमलेला असला तरी.

चौथा मार्ग या दोन्ही काळज्यांवर उतारा आहे: झडपेची हवा थेट ब्लोअरला, म्हणजे एसीची हवा केबिनमध्ये फेकणाऱ्या पंख्याला, जोडायची. झडपेखाली पत्र्याचा डबा, त्यात जाळी आणि फिल्टर, डब्याला स्वतःचा पाणी-निचरा, तिथून पाइप ब्लोअरकडं, आणि मध्ये एक पडदा, जो दांडीनं फिरवला की आतली हवा किंवा बाहेरची हवा. कारखान्यातून एसी घेऊन येणाऱ्या गाड्यांत हीच रचना असते. आतली हवा फिरवत केबिन गार करायची, मग अधूनमधून थोडी बाहेरची घ्यायची. पावसात काच धुरकटली तर ती कोरड्या हवेनं साफ होते. हे काम चार-पाच दिवसांचं, आणि ते करणारा मेस्त्री गवसला पाहिजे. डॅशबोर्डमागं जागा लागते. जुन्या लाकडी केबिनमध्ये ती बऱ्याचदा नसते. अमेरिकेत जुन्या पिकअपसाठी मिळणारी बरीच तयार किट म्हणूनच आतलीच हवा फिरवतात, आणि बाहेरची भोकं प्लेटनं बंद करा असं सांगतात.

पायाशी असलेल्या झडपांवर मात्र जास्त विचार करू नका. चाकाचा चिखल, हंगामात उसाच्या रस्त्यावरची धूळ, सगळं तिथूनच येतं. त्या सुट्या प्लेटनं बंद करा. क्लीनरच्या बाजूच्या झडपेच्या भोकातून कॉइलचा ड्रेन पाइप नेता येतो. पाइपला उतार द्या आणि तोंड एक्झॉस्टपासून लांब ठेवा. तिकोनी काचेचं रबर बदला आणि ती चालू राहू द्या. मधली झडप प्लेटनं बंद केली असेल तर आमचा ड्रायव्हर दर अर्ध्या तासानं या तिकोनी काचेची मागची बाजू बोटभर उघडून मिनिटभर गाडीला श्वास देतो.

मग कुणी काय करावं? रोज बेळगावहून गोव्याला भाजी नेणारी गाडी असेल आणि ड्रायव्हर आठ-दहा तास आत बसणार असेल, तर चौथाच मार्ग धरा, खर्च वसूल होतो. अथणी-चिकोडीकडच्या कोरड्या, धुळीच्या रस्त्यावर चालणारी गाडी असेल तर सुटी प्लेट, आणि आठवड्याला फोम पुसून घ्या. खानापूर, रामनगर, हल्याळकडं पावसात चालणारी असेल तर प्लेटपेक्षाही आधी खोबण आणि निचरा. वर्षातून दोन-चारदाच बाहेर निघणारी हौसेची गाडी असेल तर नवं रबर पुरतं. किटच्या कॉम्प्रेसरचा क्लच गाडीच्या बॅटरीप्रमाणं 12 व्होल्टचा की 24 चा, हे तेवढं दुकानातच विचारून घ्या. जुना डायनामो असेल तर ब्लोअर आणि कंडेन्सरचे पंखे त्याला झेपत नाहीत, अल्टरनेटर लागतो. मिरवणुकीच्या चालीनं गाडी जाणार असेल तर कंडेन्सरला स्वतःचा पंखा हवाच, कारण तेव्हा समोरून वारा नसतो.

यंदा चित्ररथाच्या आदल्या रात्री आम्ही टॉर्च लावून गाडीभोवती फिरलो. उजेड एकाच ठिकाणी दिसला, ड्रायव्हरच्या दाराखाली. तिथली पट्टी बदलून घ्यायची आहे.