दिवाळीचे पाहुणे निजवायचे कुठे: घरच्या गाद्या, बिछायतीच्या गाद्या की बाजा?

भाऊबीजेला लेकी-जवाई येणार, नातवंडं येणार, एखादी आतेसासू चार दिवस जास्त राहणार, हे ठरलेलं असतं. पंधरा-सोळा माणसं रात्री निजणार कुठे, हे मात्र ठरलेलं नसतं. आपल्या वऱ्हाडातल्या घरांची अडचण शहरासारखी नाही. दिवाळीत आपलं घर आधीच भरलेलं असतं. एका भिंतीला सोयाबीनचे कट्टे, मोठ्या खोलीत कापसाची गंजी, ओसरीत फवारणीचा पंप. त्यामुळे गाद्यांचा विचार करण्याआधी जागेचा करावा लागतो.

पहिल्यांदा दिवाळी कोणत्या तारखेला आहे ते बघा. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं, 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला. ह्या तीन आठवड्यांनी सगळंच बदलतं. ऑक्टोबरची दिवाळी असली तर सीतादही, म्हणजे कापूस वेचणी सुरू करतानाची पूजा, होऊन फार दिवस झालेले नसतात, घरात पहिल्याच वेच्याचा कापूस असतो, तोही ओलसर. रात्री पंखा लागतो, पांघरूण नावापुरतं. नोव्हेंबरची असली तर गंजी छतापाशी पोचलेली असते, आणि पहाटे ओसरीत झोपलेल्याला रजई लागते.

मग घरात हमखास एक सूचना येते: दिवाळीआधी कापूस विकून टाकू, खोली मोकळी होईल. माझं ठाम मत आहे, ह्यासाठी कापूस विकू नका. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर पूर्ण हमीभाव 8 टक्के ओलाव्यापर्यंत मिळतो, पुढे 12 टक्क्यांपर्यंत कपात होते आणि त्याच्यावर माल घेतच नाहीत. 2025-26 साठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. ओला कापूस घाईने व्यापाऱ्याच्या काट्यावर टाकला तर क्विंटलमागे जे जातं, त्यात पाहुण्यांच्या गाद्यांचं भाडं कितीदा तरी निघेल. गंजी उचलून दुसऱ्या खोलीत नेणंही नको. तिच्यात माती-पाला मिसळला की भाव उतरतो. हलवायचेच तर सोयाबीनचे कट्टे हलवा. ते एकावर एक रचता येतात, खाली लाकडी फळ्या टाकल्या की ओसरीच्या कोपऱ्यातही राहतात.

कापसाच्या खोलीला मात्र कुलूप हवं. तिथे कोणालाही निजवू नका, जवान पोरांनाही नाही. साठवलेल्या कापसाजवळ झोपलं की अंगाला खाज सुटते, लाल चट्टे येतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पुण्याहून आलेल्या नातवाला नाही. त्याला गंजीवर उड्या मारायच्या असतात. शिवाय दिवाळीत दिवे आहेत, फुलबाज्या आहेत. पणती त्या दाराशी ठेवू नका आणि फटाके कुटाराच्या, म्हणजे सुक्या भुश्याच्या ढिगापासून लांब, वारा पाहून उडवा.

उरलेल्या जागेचं गणित सोपं आहे. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत तीन बाय सहाच्या सहा गाद्या बसतात, पण मग रात्री उठणाऱ्याला पाय ठेवायला जागा नसते. पाच धरा. लेकरं आईजवळ निजतात, म्हणजे सात-आठ जण झाले. ही खोली लेकरवाळ्या लेकींना द्या. म्हातारी माणसं संडास-न्हाणीच्या बाजूला, पुरुष मंडळी ओसरीत. जवाईबापूंचा मान ठेवायचा म्हणून त्यांना आतली खोली आणि अंगावर पिणाऱ्या बाळाची आई ओसरीत, असं अजूनही काही घरांत होतं. ते बंद व्हायला हवं.

आता अंथरुणाचं.

बिछायत केंद्राच्या गाद्या भाड्याने आणणं सगळ्यात सोपं. एका फोनवर दहा गाद्या, उशा, वर परात, मोठे गंज, खुर्च्या एकाच गाडीतून येतात. चार दिवसांसाठी यापेक्षा स्वस्त काही नाही. पण त्या गाद्या पातळ असतात आणि लग्नमंडपात कितीजण त्यांच्यावर बसून गेलेले असतात. उतरवून घेतानाच गादीचा कोपरा उलटा करा, शिवणीची घडी बोटाने उघडा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत, ती गादी गाडीतच परत ठेवा. बाकीच्या दिवसभर कडक उन्हात टाका आणि चादरी मात्र स्वतःच्या वापरा. नग मोजून वहीत लिहा, आधीच फाटलेली गादी त्यांच्या माणसाला दाखवून ठेवा.

घरची रुईची गादी ह्याच्या अगदी उलट. एकदा पैसे जातात, मग वर्षानुवर्षं टिकते. कापूस पिकवणाऱ्याच्या घरात ती फुकट पडते असं वाटतं, म्हणून हिशेब मांडते. शंभर किलो कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. एकेरी गादीत नऊ किलो रुई घालायची तर 26-27 किलो कापूस लागतो. वरच्या हमीभावाने तो एकवीसशे ते बावीसशे रुपयांचा झाला. सरकीचे पैसे त्यातून वळते होतात, पण पिंजाई, खोळ, शिलाई वेगळी. एका गादीसाठी जिनिंगवर माल नेणं कुठलं परवडायला, रुई गादीवाल्याकडचीच घ्यावी लागते. तेव्हा भरताना समोर उभं राहा. स्वस्तातल्या गाद्यांत गिरणीची टाकाऊ रुई नाहीतर चिंध्या असतात आणि त्या वर्षात गोळे धरतात. चांगली गादी काही वर्षांनी उसवून, पिंजून पुन्हा भरता येते. फोमच्या घडीच्या गादीत ते होत नाही. ती हलकी, जागा कमी खाते, पण उन्हात टाकली की खराब होते आणि आपल्या उन्हाळ्यात तिच्यावर पाठ भाजते. लहान घरात एखादी असू द्या, जास्त नको.

बाजेची बाजू मी जरा जास्तच घेईन. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवरून उठवत नाही, बाजेवरून तो आपला आपण उठतो. दुसरी गोष्ट, घरात धान्य आलं की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. विंचवाचं तर सांगायलाच नको. ओसरीत निजणाऱ्यासाठी जमिनीपेक्षा बाज बरी, आणि तिच्या चार पायांना काठ्या बांधल्या की मच्छरदाणी ताणून बसते. बाज भिंतीपासून वीतभर सरकवा, मच्छरदाणीची कड गादीखाली खोचा. तोटा एकच, दोरी सैल झाली की झोळी होते आणि सकाळी कंबर धरते. पाहुणे येण्याआधी पायथ्याची दोरी ओढून घ्या, वर घडी घातलेली वाकळ टाका. दिवसा ती भिंतीला उभी केली की ओसरी मोकळी.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे, म्हणजे झाडीपट्टीत घर असेल तर विचार वेगळा करा. तिथे भाऊबीजेपासून गावोगावी मंडया, म्हणजे जत्रेसारखे मेळे भरतात, रात्री नाटक लागतं आणि पाहुणे पहाटे घरी येतात. रात्री अंथरुणं रिकामी आणि सकाळी सहाला सगळ्यांना झोप हवी. एवढ्या माणसांसाठी भाड्याच्या गाद्या आणण्यापेक्षा एक अंधारी, शांत खोली दिवसभर राखून ठेवणं जास्त उपयोगाचं, जिच्यातून सकाळी चहाच्या कपबशा काढायला कोणी जाणार नाही.

कुठलाही पर्याय घ्या, एक काम त्याआधी करा. फवारणीची औषधं, अर्धवट बाटल्या, पंप, त्यात वापरलेली बादली, सगळं घराबाहेर कुलपात. बाजेखाली नाही, न्हाणीच्या फळीवर नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मोठ्या माणसांचं हे झालं. शहरातल्या लेकराला ती बाटली कशाची, हे कळायचंही नाही.

आंघोळीच्या पाण्याला चूलच बरी. सोळा बादल्या हीटरच्या कांडीवर होत नाहीत, आणि ओल्या न्हाणीत पोरांच्या हाताशी कांडी नकोच.

माझा कौल असा: दरवर्षी पाहुणे येतात त्या घराने दर दिवाळीला एक-दोन करत चार घरच्या गाद्या भरून घ्याव्यात, म्हाताऱ्यांसाठी दोन बाजा नीट करून ठेवाव्यात आणि वरचे जे असतील त्यांच्यापुरतं भाड्याने आणावं. दोन-तीन वर्षांतून एकदाच गर्दी होत असेल तर गाद्यांत पैसा अडकवू नका, बिछायतच बरी. फक्त ती दसऱ्यालाच सांगून ठेवा. झाडीपट्टीत दिवाळीत मंडयांची मागणी असते, आणि पाहुण्यांचा मुक्काम लांबला तर तुळशीचं लग्न लागताच बिछायतवाल्याला लग्नांच्या घरी गाद्या पोचवायच्या असतात. परतीची तारीख त्याच्याशी आधीच बोलून घ्या.