रेट चुकला म्हणे! कन्फर्म बुकिंग तुम्हालाच कॅन्सल करायला लावतात, सावध राहा

आधी मुद्द्याचं सांगते, बाकी रामायण नंतर. हॉटेलवाल्याचा फोन आला की "मॅडम, रेट चुकून कमी लागला होता, तुम्ही अ‍ॅपवरून बुकिंग कॅन्सल करा, पैसे लगेच परत येतील", तर ते कॅन्सलचं बटण तुम्ही दाबायचं नाही. तो कितीही गोड बोलला तरी नाही. त्याला कॅन्सल करायचंय ना, मग त्याने करावं, त्याच्या लॉगिनमधून, कारण लिहून.

आमचं झालं असं. ख्रिसमसच्या सुट्टीत तारकर्लीला जायचं ठरलं, सासूबाई, आम्ही दोघं, नणंद, तिचे मिस्टर आणि पोरं, म्हणजे दोन खोल्या हव्यातच. सप्टेंबरातच एका ट्रॅव्हल अ‍ॅपवर बीचजवळचं रिसॉर्ट मिळालं, खोलीला रात्रीचे २,४०० रुपये, चार रात्री, टॅक्स धरून २१ हजारांच्या आसपास. रेट 'नॉन रिफंडेबल' होता म्हणून सगळे पैसे तेव्हाच भरले. म्हणजे आम्ही कॅन्सल केलं तर छदाम मिळणार नाही, हे लक्षात ठेवा, सगळी मेख तिथेच आहे. व्हाउचर आलं, कन्फर्मेशनचा मेल आला, मेसेज आला. मग रेल्वेचं रिझर्व्हेशन हल्ली ६० दिवस आधी उघडतं तसं सकाळी आठला घरातले सगळे फोन घेऊन बसलो आणि कुडाळची जायची यायची तिकिटं काढली, सीझनमध्ये कोकण रेल्वेचं तिकीट मिळणं म्हणजे काय ते गाववाल्यांना वेगळं सांगायला नको.

डिसेंबर लागला आणि मॅनेजरचा फोन. आवाजात साखर. "ताई, तुमचं बुकिंग जुन्या रेटने पडलंय, सिस्टीमची चूक झाली, सीझनचा रेट ६,५०० आहे." मी म्हटलं मग? तर म्हणे एक तर वरचा फरक आम्हाला यूपीआय करा, नाहीतर तुम्ही अ‍ॅपवर जाऊन कॅन्सल करा, मी इकडून रिफंड अप्रूव्ह करतो. फरक म्हणजे दोन खोल्या चार रात्रींचा ३३ हजारांच्या जवळ! मूळ बुकिंगच्या दीडपट नुसता फरक. मी म्हटलं जे काही आहे ते अ‍ॅपच्या चॅटवर लिहून पाठवा, तर "नाही ताई, तिकडे नको, ते लोक उगाच लांबड लावतात".

मिस्टरांनी नुसतं बघायचं म्हणून कॅन्सलचं पान उघडलं, शेवटचं बटण न दाबता. तिथे स्वच्छ लिहिलेलं, तुम्हाला परत मिळणारी रक्कम ० रुपये. म्हणजे तो 'मी अप्रूव्ह करतो' म्हणतोय ते फक्त तोंडी, आणि आम्ही बटण दाबलं की रेकॉर्डवर काय राहतं? ग्राहकाने स्वतःहून बुकिंग रद्द केलं. २१ हजार त्यांच्या खिशात आणि खोल्या परत ६,५०० ने विकायला मोकळ्या. आणि समजा त्याने खरंच पैसे परत दिले असते तरी तक्रार कशाची करणार, कॅन्सल तर आपणच केलंय. आणि तो वरचा फरक अ‍ॅपच्या बाहेर यूपीआयने दिला असता तर त्याचीही कुठे नोंद नाही, तिथे पोचल्यावर अजून कसले चार्जेस काढले तर बोंबला.

मी काय केलं तर फोन ठेवल्या ठेवल्या अ‍ॅपच्या चॅटवर सगळं टाइप करून टाकलं, की आज इतक्या वाजता तुमच्या अमुक नंबरवरून फोन आला, तुम्ही रेट चुकल्याचं सांगून ६,५०० मागितले आणि मला कॅन्सल करायला सांगितलं, मी कॅन्सल करणार नाही, बुकिंग कन्फर्म आहे आणि आम्ही ठरल्या तारखेला येतोय. त्यावर उत्तर नाही आलं, पण मेसेज वाचल्याची खूण आली, तेवढं पुरे. तोच मजकूर अ‍ॅपच्या कस्टमर केअरला मेल केला. फोनवर झालेलं बोलणं असं लगेच लेखी करून ठेवा, नंतर तेच उपयोगी पडतं.

दोन दिवस शांतता, मग अ‍ॅपकडून मेल, की हॉटेलने 'मेंटेनन्स'च्या कारणाने बुकिंग रद्द केलंय, पूर्ण रिफंड होईल, गैरसोयीबद्दल क्षमस्व, आणि वर ५०० रुपयांचं कूपन. कालपर्यंत रेट चुकला होता, आज मेंटेनन्स निघालं! नणंदेने तिच्या फोनवरून दुसऱ्या अ‍ॅपवर त्याच तारखा टाकून बघितलं तर त्याच खोल्या, तेच फोटो, ६,८०० रुपये, 'फक्त २ रूम शिल्लक'. तारीख वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढले. हे ताबडतोब करायचं हं, एकदा खोल्या विकल्या गेल्या की पान बदलतं आणि मग तुम्ही कितीही ओरडा.

आता कायद्याचं. नणंदेच्या मैत्रिणीची बहीण वकील आहे, तिने समजावलं ते माझ्या भाषेत सांगते.

'चूक झाली' एवढं म्हणून कन्फर्म व्यवहार मोडत नाही. १८७२ चा करार कायदा आहे, त्यात कलम २२ असं की एकाच बाजूची चूक झाली म्हणून तेवढ्यावर करार रद्द करता येत नाही. दोघांचीही चूक असेल तर वेगळं, ते कलम २०. अर्थात कोणी ८० हजारांचा टीव्ही ८०० ला दिसला म्हणून दहा ऑर्डर केले तर समोरचा म्हणणारच की ह्यांना चूक दिसत होती, ते वजन वेगळं पडतं. पण आमचा २,४०० म्हणजे काय अशक्य रेट नव्हता, नोव्हेंबरात मधल्या वारी तोच रेट होता त्यांचा. आणि अगदी अचाट किमतीच्या केसमध्येही ग्राहक जिंकलाय. ओडिशात २०१४ साली एका कायद्याच्या विद्यार्थ्याने अ‍ॅमेझॉनवर १९० रुपयांना दिसलेला लॅपटॉप ऑर्डर केला, तो नंतर रद्द झाला, आणि २०२१ च्या जानेवारीत तिथल्या राज्य ग्राहक आयोगाने त्याला ४० हजार भरपाई आणि वर ५ हजार खर्च द्यायला लावले. लॅपटॉप नाही मिळाला, आणि सहा वर्षं गेली, तेही खरं.

दुसरं म्हणजे २०२० चे ई-कॉमर्सचे नियम. त्यात नियम ४ मध्ये आहे की प्लॅटफॉर्मने स्वतः एकतर्फी ऑर्डर रद्द केल्यावर तसाच भुर्दंड सोसायची तयारी नसेल तर ग्राहकाकडूनही कॅन्सलेशन चार्ज घ्यायचा नाही. आम्ही रद्द केलं असतं तर १०० टक्के कापणार होते, त्यांनी रद्द केलं तर ५०० चं कूपन, हा कुठला न्याय? वकीलबाई म्हणाल्या, अ‍ॅप 'रद्द हॉटेलने केलं, आम्ही फक्त मधले' म्हणून अंग काढून घेणार, म्हणून तक्रार दोघांच्याही विरुद्ध करा. त्याच नियमांत असंही आहे की अ‍ॅपचा तक्रार अधिकारी असायलाच हवा, त्याचं नाव नि संपर्क वेबसाइटवर हवा, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिनाभरात. कस्टमर केअरच्या चॅटबॉटशी डोकं फोडण्यापेक्षा सरळ त्यालाच मेल करा. बहुतेक वेळा त्याचं नाव पार तळाशी बारीक अक्षरात असतं.

मी आधी १९१५ ला फोन केला, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं, तक्रार नंबर मिळतो. पण नीट समजून घ्या, ते आदेश नाही देऊ शकत, ते फक्त कंपनीला विचारतात आणि मध्यस्थी करतात. आमच्या केसमध्ये तेवढ्यानेही अ‍ॅप हललं, कूपनचं ३ हजार कॅश झालं, सोबत एक मेल की हे 'फुल अँड फायनल' म्हणून, म्हणजे यापुढे काही मागणार नाही असं, मान्य आहे असं उत्तर द्या. हा मेल वाचून मगच उत्तर द्या बरं का. मी लिहिलं मान्य नाही.

कारण आमचा खड्डा मोठा होता. ऐनवेळी मालवणात दुसरीकडे खोल्या घेतल्या, बीचपासून लांब, रात्रीचे ५,२०० प्रमाणे. तिकिटं रद्द करायचा विचारही केला होता पण सासूबाईंचं मन मोडवेना. तर २,४०० आणि ५,२०० मधला फरक, तो मागायचाय. नुसता रिफंड मिळाला म्हणजे हिशोब मिटला असं त्यांना वाटतं आणि आपल्यातलेही निम्मे लोक "मिळाले ना पैसे परत, सोड ना" म्हणतात. अहो, ते पैसे आपलेच होते! नुकसान त्याच्या वरचं आहे.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात टाकली, ई-जागृती पोर्टलवरून, म्हणजे ग्राहक आयोगांची सरकारी वेबसाइट, आता सगळं तिथेच होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, सिंधुदुर्गला खेटे घालायची गरज नाही. तुम्ही मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि मुदत दोन वर्षं. जोडायला लागलं काय तर व्हाउचर, पैसे भरल्याची पावती, तो चॅट, रद्द झाल्याचा मेल, त्याच खोल्यांचे स्क्रीनशॉट, दुसऱ्या हॉटेलचं बिल. दुसऱ्या हॉटेलचं पक्कं बिल घ्या, होमस्टेवाले कच्च्या कागदावर लिहून देतात ते टिकत नाही.

तक्रार दाखल करून घेतली आणि दोघांना नोटीस गेली. मग रिसॉर्टच्या मॅनेजरचा पुन्हा फोन, पुन्हा साखर, "ताई केस मागे घ्या, मे महिन्यात दोन रात्री फ्री देतो". मी म्हटलं मेल करा. मेल काही आला नाही. नोटीस मिळाल्यापासून लेखी म्हणणं मांडायला त्यांना ३० दिवस असतात, आयोगाने दिले तर फार तर आणखी १५, त्याच्या पुढे नाही. अ‍ॅपचं उत्तर आलंय, सतरा पानी, सगळ्यात हेच की आम्ही मध्यस्थ. रिसॉर्टचं अजून काहीच नाही आणि त्यांचे दिवस संपत आलेत.